केंद्र, परीघ आणि क्षितिजरेषा : एका उसन्या भूमितीविषयी

मराठी समीक्षेने भूमितीकडून काही शब्द उसने आणले, त्याला आता बरीच वर्षे लोटली. केंद्र, परीघ, समांतर प्रवाह, छेद, परिमाण, दृष्टिकोन हे शब्द आता इतके रुळले आहेत की ते उसने आहेत याचेही भान उरलेले नाही. शेजाऱ्याकडून आणलेले भांडे निदान घासून परत करावे, एवढी रीत आपल्याकडे आहे. या शब्दांच्या बाबतीत ती कोणी पाळली नाही. शब्द आणले, पण ते ज्या शास्त्रातले आहेत त्या शास्त्रात त्यांचे पुढे काय झाले, याची चौकशी आपण केली नाही. या चौकशीतून जे हाती आले ते मराठीच्या विद्यार्थ्यांपुढे आणि अध्यापकांपुढे ठेवणे, आणि त्या आधारे ‘परिघावरचे साहित्य’ ही संज्ञा टाकून देण्याची मागणी करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

आम्ही भंडारा जिल्ह्यात मराठी शिकवतो. झाडीबोलीवरचा प्रश्न उत्तरपत्रिकेत आला की उत्तराचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘झाडीबोलीतील साहित्य हे परिघावरचे साहित्य होय.’ आम्ही त्या वाक्यावर बरोबरची खूण करतो. करतो, कारण संदर्भग्रंथांत तसे असते, आणि खरे सांगायचे तर आमच्या टिपणांतही तसेच होते. एकदा लाखांदूरकडच्या एका विद्यार्थिनीने तासाला विचारले, “सर, केंद्र कुठं आहे ते पुस्तकात आहे. आपण परिघावर आहोत हेही आहे. मग परिघाच्या पलीकडं कोण राहतं?” वर्ग हसला, आम्हीही हसलो. उत्तर मात्र आमच्याजवळ नव्हते. ते गणिताच्या फळ्यावर सापडले, आणि ते आमच्या टिपणांच्या विरुद्ध होते.

परातीची दोन केंद्रे

भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. पत्र्यावर कंपासचे टोक रोवून कारागीर वर्तुळ आखतो, तेव्हा त्या वर्तुळाला एक केंद्र असते आणि त्याविषयी कोणालाच शंका नसते. तीच परात घडून, घासून आपल्यासमोर जमिनीवर येते आणि आपण पाटावर बसून तिच्याकडे पाहतो, तेव्हा डोळ्याला वर्तुळ दिसत नाही, लंबवर्तुळ दिसते. आता केंद्र कोणते? कंपासचे टोक जिथे रुतले होते ती खूण अजून दिसते आहे. पण दिसणाऱ्या लंबवर्तुळाचे स्वतःचे केंद्र काढले तर ते त्या खुणेवर पडत नाही. खूण थोडी पलीकडच्या काठाकडे सरकलेली दिसते, कारण परातीचा जवळचा अर्धा भाग डोळ्याला मोठा भासतो. कारागिराचे केंद्र एक आणि बसणाऱ्याचे केंद्र दुसरे. परात मात्र तीच आहे.

या साध्या अनुभवातून जे शास्त्र उभे राहिले त्याला प्रक्षेपीय भूमिती म्हणतात. पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकारांपुढे हाच प्रश्न होता. खोलीची फरशी, खांबांची रांग, रस्ता हे सपाट फळीवर खरे दिसावेत कसे? आल्बेर्तीने १४३५ मध्ये चित्रकलेवरच्या ग्रंथात त्याचे नियम मांडले. चित्रकारांच्या नियमांमागचे गणित नंतर आले. त्या गणिताचा मूळ प्रश्न असा आहे : एखादी आकृती एका बिंदूतून दुसऱ्या पृष्ठावर प्रक्षेपित केली, दिव्यासमोर धरलेल्या वस्तूची सावली भिंतीवर पडते तशी, तर तिच्यातले काय टिकते आणि काय टिकत नाही?

लांबी टिकत नाही. कोन टिकत नाही. दोन बिंदूंचा मध्यबिंदू मध्यावर राहत नाही. समांतर रेषा समांतर राहत नाहीत. वर्तुळ वर्तुळ राहत नाही आणि त्याचे केंद्र केंद्र राहत नाही. टिकते ते असे : सरळ रेषा सरळच राहते, एखादा बिंदू एखाद्या रेषेवर असेल तर प्रक्षेपानंतरही तो तिच्यावरच असतो, रेषा वक्राला स्पर्श करीत असेल तर स्पर्श कायम राहतो. वर्तुळ, लंबवर्तुळ, अन्वस्त आणि अपास्त हे एकाच कुळातले शांकव ठरतात, कारण प्रक्षेपाने कोणत्याही एकाचे दुसरे करता येते. कोण कोणावर आहे, कोण कोणाला भेटते, कोण कोणाला स्पर्शते, एवढेच या भूमितीचे भांडवल. केंद्र हा शब्द तिच्या मूळ शब्दकोशात नाही.

‘समांतर’ म्हणजे काय?

‘केंद्र’ या शब्दाकडे वळण्यापूर्वी ‘समांतर’ची वासलात लावली पाहिजे, कारण समीक्षेत हा शब्द मोठ्या सौजन्याने वापरला जातो. मुख्य प्रवाह एक, आणि त्याला समांतर असे ग्रामीण, दलित, आदिवासी, बोलीतले प्रवाह. ऐकायला हे आदराचे वाटते. पण शाळेतल्या भूमितीत समांतर म्हणजे कधीही न भेटणारे. म्हणजे ज्याला आपण समांतर म्हणतो त्याच्याशी भेट होणार नाही, याची तजवीज आपण व्याख्येतच करून ठेवतो.

वरठीला, म्हणजे भंडारा रोड स्थानकावर, मुंबई-हावडा मार्गाच्या रुळांकडे पाहत उभे राहावे. रूळ दूर जाऊन क्षितिजावर मिळालेले दिसतात. हा दृष्टिभ्रम आहे असे आपल्याला शाळेत शिकवले जाते. प्रक्षेपीय भूमिती म्हणते की तो भ्रम मानू नका, मान्य करा. समांतर रेषांच्या प्रत्येक समूहाला एक भेटीचा बिंदू बहाल करा आणि त्याला अनंतस्थ बिंदू म्हणा. प्रत्येक दिशेचा असा एक बिंदू, आणि त्या साऱ्या बिंदूंची मिळून एक अनंतस्थ रेषा. चित्रात हीच क्षितिजरेषा असते. रूळ अगदी सरळ आहेत असे धरले, तर मुंबईकडे तोंड केले काय आणि हावड्याकडे केले काय, ते एकाच अनंतस्थ बिंदूत मिळतात, कारण दिशा दोन दिसल्या तरी रेषेचा रोख एकच आहे.

ही भर घातली की एक अपवाद गळून पडतो. पूर्वी म्हणावे लागे : कोणत्याही दोन बिंदूंतून एक रेषा जाते, पण दोन रेषा एका बिंदूत मिळतात किंवा समांतर असतात. आता दुसरे विधानही निरपवाद होते : कोणत्याही दोन रेषा एका बिंदूत मिळतात. दोन्ही विधानांत ‘बिंदू’ आणि ‘रेषा’ या शब्दांची अदलाबदल केली तरी सत्य अबाधित राहते. यालाच द्वैताचे तत्त्व म्हणतात, आणि या भूमितीतल्या प्रत्येक सिद्धांताला असा जुळा सिद्धांत असतो. साहित्याच्या अभ्यासकाने यातून एवढे घेतले तरी पुरे : ‘समांतर’ हे वस्तूंच्या स्वभावाचे वर्णन नाही. भेटीचा बिंदू आपल्या नकाशाबाहेर ठेवल्याचे ते वर्णन आहे.

केंद्र कशातून जन्मते?

आता मुख्य मुद्दा. एक वर्तुळ घ्यावे आणि त्याच्या बाहेर, त्याला न छेदणारी, एक रेषा घ्यावी. रेषेवरच्या एका बिंदूतून वर्तुळाला दोन स्पर्शिका काढाव्यात आणि स्पर्शबिंदू जोडणारी जीवा आखावी. मग रेषेवरचा दुसरा बिंदू घ्यावा, पुन्हा तसेच करावे. तिसरा, चौथा, कितीही. या साऱ्या जीवा वर्तुळाच्या आत एकाच बिंदूतून जातात. या बिंदूला त्या रेषेचा ध्रुव म्हणतात. रेषा बदलली की ध्रुव बदलतो. स्पर्शिका, जीवा आणि भेटीचे बिंदू यांपलीकडे यात काही लागत नाही, म्हणून हे नाते प्रक्षेपाने बिघडत नाही.

ती बाहेरची रेषा आता अनंतस्थ रेषा आहे असे समजू. तिच्यावरच्या एका बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका म्हणजे वर्तुळाच्या समोरासमोरच्या बाजूंना टेकलेल्या दोन समांतर स्पर्शिका. त्यांचे स्पर्शबिंदू जोडणारी जीवा म्हणजे व्यास. आणि सगळे व्यास कुठे मिळतात? केंद्रात. म्हणजे ज्याला आपण वर्तुळाचे केंद्र म्हणत आलो तो अनंतस्थ रेषेचा ध्रुव आहे, त्याहून अधिक काही नाही. दुसरी एखादी रेषा अनंतावर नेऊन बसवा, वर्तुळाच्या आतला दुसरा एखादा बिंदू केंद्र होईल.

आमच्या दृष्टीने या विधानात संपूर्ण वादाचा निकाल आहे. समीक्षा असे गृहीत धरते की केंद्र आधी असते, त्याच्याभोवती परीघ असतो, आणि त्यापलीकडचे सारे आपोआप दूर असते. भूमिती क्रम उलटा सांगते. आधी कोणीतरी ठरवतो की अमुक रेषा अगम्य आहे, तिथवर जाण्याचे कारण नाही. केंद्र त्या निर्णयातून जन्मते. म्हणून कोणी आपल्या केंद्राविषयी बोलू लागला की आपण त्याला विचारावे : तुम्ही अनंतावर काय ढकलले आहे?

मराठीच्या इतिहासात हे घडलेले दिसते. तेराव्या शतकात मराठी गद्य आकाराला येत होते तेव्हा महानुभावांच्या नकाशावर ऋद्धपूर हे मोठे स्थान होते, आणि चक्रधरांचे आरंभीचे शिष्य नीळभट हे भांडारेकार, म्हणजे भंडाऱ्याचे होते. त्या नकाशात भंडारा कोठेही ‘दूर’ नव्हता. तो पायी चालणाऱ्यांच्या वाटेवर होता. शके १११० म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जाणारा ‘विवेकसिंधू’ वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याला रचला गेला की अंबाजोगाईला, हा वाद अभ्यासकांत आहे. वादाचा निकाल काहीही लागो, हे आंभोरा आमच्या जिल्ह्याच्या वेशीवर आहे. पुढे छापखाने, महाविद्यालये, प्रकाशने आणि नियतकालिके मुंबई-पुण्याकडे वाढली आणि नवी क्षितिजरेषा आखली गेली. भंडारा जागचा हलला नाही. रेषा हलली, आणि तिच्यामागोमाग केंद्र हलले.

याच बांधणीत एक पुढची पायरी आहे, ती ‘परिघा’च्या पुरस्कर्त्यांनी लक्षात घ्यावी. अनंतावर पाठवण्यासाठी निवडलेली रेषा वर्तुळाला छेदणारी असेल तर काय होते? वर्तुळाचा अपास्त होतो. त्याच्या दोन शाखा एकमेकींकडे पाठ करून दोन बाजूंना पसरतात, आणि केंद्र दोन्ही शाखांच्या मधल्या मोकळ्या जागेत, वक्राच्या बाहेर पडते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर, धानाची कापणी उरकली की, शंकरपटाच्या निमित्ताने गावोगावी रात्रभर नाटके होतात. वडसा हे त्यांचे मोठे ठाणे. तिकीट काढून येणाऱ्या प्रेक्षकांवर उभी असलेली ही मराठी रंगभूमी आहे. तिचे एक कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आम्ही शिकवत आलेली टिपणे मात्र मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या सांगलीच्या प्रयोगापासून करतात, मुंबई-पुण्याला येतात आणि झाडीपट्टीला ‘लोककला’ या वेगळ्या प्रकरणात बसवतात. मराठीच्याच वर्तुळातून जाणारी रेषा अनंतावर पाठवणे म्हणतात ते हे. अशाने मराठीच्या दोन शाखा होतात, आणि ज्याला आपण केंद्र म्हणतो ते दोहोंपैकी एकीतही राहत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा येईल : हे सारे ठीक, पण अन्याय तर खरा आहे ना? प्रकाशक, पुरस्कार, अभ्यासमंडळे, पैसा हे दूरच आहेत. ‘केंद्र’ हा शब्द काढून घेतला तर तक्रार कोणत्या शब्दांत मांडावी?

आमचे उत्तर असे की तक्रार मोजमापाच्या शब्दांत मांडावी. प्रक्षेपीय भूमिती अंतर नाकारत नाही. अंतर हे वेगळ्या, मोजणीच्या भूमितीचे काम आहे, एवढेच ती सांगते. मोजता येण्याजोगे आहे ते मोजून सांगावे : जिल्ह्यातल्या ग्रंथालयांत झाडीबोलीची किती पुस्तके आहेत, अभ्यासक्रमात किती गुणांसाठी ती वाचली जातात, एका नाट्यमंडळीच्या हंगामाचा हिशोब काय, डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीवर केलेले काम किती महाविद्यालयांच्या कपाटांत आहे. या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत येतात आणि त्यांचा जाब विचारता येतो. ‘आम्ही परिघावरचे’ या वाक्याचा जाब कोणाला विचारणार? ते वाक्य ऐकून मुंबई-पुण्याचा श्रोता सहानुभूतीने मान हलवतो आणि घरी जातो. रूपकाने हिशोब झाकला जातो, ही आमची या शब्दाविरुद्धची मोठी तक्रार आहे.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येईल, आणि तो आपल्या वर्गांतल्या हुशार विद्यार्थ्यांना अधिक भुलवतो : केंद्र जर पाहणाऱ्यावर अवलंबून असेल, तर सारेच सापेक्ष ठरले, ज्याचे त्याचे वाचन, ज्याचे त्याचे सत्य.

हे साफ चूक आहे. पाहण्याची जागा बदलल्याने काय बदलत नाही, याचाच शोध घेणारे हे शास्त्र आहे. एका रेषेवरचे चार बिंदू घ्या. त्यांच्यामधली अंतरे प्रक्षेपात बदलतात, अंतरांची गुणोत्तरेही बदलतात, पण चार बिंदूंपासून ठरावीक रीतीने काढलेले गुणोत्तरांचे गुणोत्तर बदलत नाही. म्हणून सरळ रस्त्याचे तिरके छायाचित्र हाती असेल आणि त्यातल्या तीन मैलाच्या दगडांची खरी स्थाने ठाऊक असतील, तर चौथा दगड प्रत्यक्षात कुठे आहे हे छायाचित्रावरून काढता येते. छायाचित्रकार कुठे उभा होता हे ठाऊक नसले तरी चालते. दोन दगडांवरून हे जमत नाही, तिघांवरूनही नाही, चार लागतात. आमच्या समीक्षेत एक कृती घेऊन तिला ‘केंद्रा’पासून मोजण्याची सवय आहे. ही दोन बिंदूंची समीक्षा आहे. दंडार, शहरी नाटक, तमाशा आणि झाडीपट्टीचे आजचे नाटक हे चारही एका ओळीत ठेवून त्यांचे परस्परसंबंध पाहिले, तर कोणत्याही गावी बसून केलेल्या वाचनात टिकेल असे काही हाती लागण्याची शक्यता आहे. हे कष्टाचे काम आहे, आणि ‘ज्याचे त्याचे सत्य’ म्हणणारा ते टाळतो.

घरच्यांना दोन शब्द

दोष केवळ दूरच्यांचा आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्याच भागातल्या काही संमेलनांत अलीकडे उलट घोषणा ऐकू येते : आता झाडीपट्टीच केंद्र, इथली माती तेवढी अस्सल, शहरी ते सारे उसने. हे करता येते. मुंबई-पुण्याची रेषा अनंतावर पाठवली की साकोलीत किंवा पवनीत केंद्र तयार होते. त्याला फार बुद्धी लागत नाही. पण मग पवनीच्या केंद्राला लाखांदूर परिघावर दिसू लागते, आणि आमच्या त्या विद्यार्थिनीचा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन थांबतो.

केंद्राशिवाय रचना उभी राहते का? राहते. गिनो फानो या इटालियन गणितज्ञाने १८९२ मध्ये ज्या सांत भूमितींचा विचार केला, त्यांतली एक लहानशी प्रतल-रचना त्याच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात बिंदू सात आणि रेषाही सात. योगायोग असा की भंडारा जिल्ह्यात तालुकेही सातच आहेत. समजा, सात वाचनमंडळे काढायची आहेत आणि प्रत्येक मंडळ तीन तालुक्यांनी चालवायचे आहे. ती अशी काढता येतील : भंडारा-मोहाडी-तुमसर, भंडारा-पवनी-लाखांदूर, भंडारा-लाखनी-साकोली, मोहाडी-पवनी-लाखनी, मोहाडी-लाखांदूर-साकोली, तुमसर-पवनी-साकोली, तुमसर-लाखांदूर-लाखनी.

वाचकांनी कागद घेऊन पडताळून पाहावे. कोणतेही दोन तालुके घ्या, ते बरोबर एका मंडळात एकत्र येतात. कोणतीही दोन मंडळे घ्या, त्यांच्यात बरोबर एक तालुका समान असतो. प्रत्येक तालुका तीन मंडळांत आहे. वर सांगितलेले द्वैत इथे बोटांवर मोजता येते. ही रचना चित्रात दाखवताना त्रिकोण काढून एक बिंदू मधोमध ठेवण्याची प्रथा आहे. तिथे जिल्ह्याचे ठाणे म्हणून भंडारा ठेवला तर तो केंद्र वाटेल. पण तिथे लाखांदूर ठेवून बाकीचे नीट मांडले तरी मंडळे तीच राहतात. रचना न मोडता सात नावांची अशी अदलाबदल १६८ प्रकारे करता येते, आणि त्यांतून कोणताही तालुका कोणत्याही तालुक्याच्या जागी नेता येतो. मधली जागा कागदाची आहे, रचनेत ती नाही.

झाड, खोड, फांदी

शेवटी या शास्त्राच्या स्वतःच्या नशिबाविषयी थोडे. त्याचा पहिला मोठा ग्रंथ फ्रान्समधल्या लियों गावच्या जिरार देझार्ग या अभियंत्याने १६३९ मध्ये काढला. प्रती जेमतेम पन्नासच्या आसपास. त्याने रूढ परिभाषा टाकून वनस्पतींचे शब्द वापरले : झाड, खोड, गाठ, फांदी. विद्वानांना ते विचित्र वाटले. ग्रंथ विस्मरणात गेला, छापील प्रती नाहीशा झाल्या. नेपोलियनच्या सैन्यातला पोंसले १८१२ च्या मोहिमेत रशियात कैद झाला; तिथे, हाताशी पुस्तके नसताना, त्याने या विषयाची नव्याने जुळणी केली आणि १८२२ मध्ये आपला ग्रंथ छापला. देझार्गच्या ग्रंथाची १६७९ ची हस्तलिखित नक्कल शालला १८४५ मध्ये सापडली, तेव्हा कळले की दोनशे वर्षांपूर्वी बरेचसे सांगून झाले होते.

ज्याच्या भाषेत झाड, खोड आणि फांदी आहे त्याचे म्हणणे ऐकायला विद्येला दोन शतके लागली. ज्या प्रदेशाचे नावच झाडी आहे आणि जिथे ‘ळ’चा ‘र’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो म्हणून वर्गात आजही हशा पिकतो, तिथल्या अध्यापकांनी ही हकीकत विसरू नये. आम्ही त्या हशात सामील होतो, हे वर लिहिलेच आहे.

त्या विद्यार्थिनीला द्यायचे राहिलेले उत्तर असे : परिघाच्या पलीकडे एक रेषा आहे, ती कोणीतरी तिथे नेऊन ठेवली आहे, आणि केंद्र तिच्यामुळे आहे. तिथे माणसे राहतात. म्हणून यापुढे आमच्या वर्गात ‘परिघावरचे साहित्य’ असे लिहिणाऱ्या उत्तराला त्या शब्दाचा गुण मिळणार नाही. समासात एवढेच लिहू : कोणत्या क्षितिजरेषेवरून? आणि आधी स्वतःची जुनी टिपणे काढून त्यांच्या समासात हाच प्रश्न लिहू.